मे महिन्यात दुपारी एसी गार करत नाही, दरवर्षी गॅस भरावा लागतो : मशीन बदलून हॉट अँड कोल्ड घ्यायच्या आधी हे तपासा

भुसावळ, यावल, रावेर, जळगाव या पट्ट्यात १४ वर्षं झाली एसीचं काम करतोय. एप्रिल संपत आला की रोज तोच फोन, "भो, गॅस सरी गया वाटस, भरी दे" (भाऊ, गॅस संपला वाटतं, भरून दे). आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्याला एक शेपूट जोडलं गेलंय, "नाहीतर हा जुना काढूनच टाकू, तो गरम-थंड दोन्ही करणारा मिळतो ना, तो बसव." बसवायला माझी ना नाही, त्यात माझंही काम आहे. पण जुन्या मशीनचा म्हणून जो फॉल्ट सांगतात तो बऱ्याचदा मशीनचा नसतोच, घराचा असतो, आणि मग नव्या मशीनलाही तोच त्रास पुढच्या मे महिन्यात. म्हणून हे एकदा सगळं लिहून काढतोय.

आधी लक्षणं. यातलं तुमच्याकडे काय काय होतं ते बघा.

- सकाळी ११ पर्यंत खोली गार, दुपारी २ ते ५ नुसता वारा, रात्री १० नंतर परत गार
- आउटडोअर (बाहेरचं युनिट) दहा-पंधरा मिनिटं चालतो, टक् करून बंद पडतो, आतला ब्लोअर मात्र चालूच राहतो, थोड्या वेळाने परत सुरू
- सुरू होताना घूं घूं आवाज, घरातले दिवे मंद होतात, कधी स्टॅबिलायझर कट मारतो
- झडपेसमोर हात धरला तर हवा गार लागते पण खोली २९ च्या खाली उतरत नाही
- बारीक नळीवर किंवा आतल्या कॉइलवर (नळ्या आणि पातळ पत्र्यांचा संच) बर्फ, मग भिंतीवरून पाणी
- दर उन्हाळ्यात गॅस भरला की महिना-दोन महिने बरं, मग जैसे थे

पहिलं लक्षण नीट वाचा. सकाळी आणि रात्री गार करतो याचा अर्थ कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, जिवंत आहे. एसी काही थंडावा तयार करत नाही, तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर फेकतो. बाहेर फेकायची म्हणजे आउटडोअरची कॉइल बाहेरच्या हवेपेक्षा गरम असायला पाहिजे, आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी सावलीतच ४४-४५ असतं, गच्चीवरच्या उन्हात तापलेल्या स्लॅबजवळ त्याहून जास्त. डब्यावर जी टनाची क्षमता लिहिलेली असते ती बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. म्हणजे आपल्या दुपारी चांगला एसीसुद्धा लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमी काम करतो, त्यात कॉइल धुळीने भरलेली, व्होल्टेज पडलेलं, मग तो कसा टिकणार.

फुकटातलं पहिलं

रिमोट बघा. हसू नका, पावसाळ्यात ड्राय मोड लावलेला असतो आणि तो तसाच राहतो, ड्रायमध्ये मशीन पूर्ण जोर लावत नाही. मोड कूलवर पाहिजे. सेटिंग २४. १६ वर ठेवलं तर लवकर गार होतं असं सगळ्यांना वाटतं, पण साध्या मशीनचा कॉम्प्रेसर चालू किंवा बंद एवढंच करतो, १६ वर ठेवल्याने त्याचा वेग वाढत नाही, तो फक्त थांबतच नाही आणि दुपारभर तापत राहतो. २०२० च्या जानेवारीपासून स्टार लेबलचे नवीन एसी चालू केले की २४ वरच येतात ते वीज वाचावी म्हणून. सोबत छताचा पंखा हळू ठेवा आणि पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावा. पडद्याने काय होणार म्हणतात लोक, पण ४ वाजताचं ऊन काचेतून आत आलं की खोलीत छोटा हीटर लावल्यासारखंच आहे.

मग आतली जाळी, म्हणजे फिल्टर. उन्हाळ्यात दर १५ दिवसांनी नळाखाली धुवायची, सावलीत वाळवायची, बस. जाळी चोक झाली की कॉइलवरून हवा कमी जाते, कॉइल गोठते, बर्फ होतो, आणि तोच बर्फ वितळून भिंतीवर येतो. बर्फ दिसला म्हणजे गॅस कमी असं लगेच धरू नका. मशीन बंद करून नुसता फॅन मोड तासभर चालवा, बर्फ वितळू द्या, जाळी धुवा, मग परत कूलवर लावून बघा. जाळी स्वच्छ असताना परत बर्फ आला तर मग गॅसचा संशय.

आउटडोअर, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

मागच्या वर्षी चोपड्याच्या बाजूला एका घरी गेलो. घराजवळच जिनिंग. त्या दादांनी आधीच दोन मेकॅनिक करून पाहिले होते, दोघांनी गॅस भरला. मी आउटडोअरच्या मागच्या बाजूला बोट घातलं तर कॉइल लागेचना. कापसाचा बारीक तंतू आणि वरून धूळ असं बसून बसून पापुद्रा झाला होता, एका कोपऱ्यातून धरून ओढला तर हातभर गोधडीसारखा सलग निघून आला. त्या खाली पत्र्या अगदी चकचकीत, नव्यासारख्या. धुतल्यावर त्याच दुपारी मशीनने खेचलेले अँपिअर साडेदहावरून आठवर आले आणि टक् टक् बंद. गॅसला हात लावला नाही, उलट आधी भरलेला जास्तीचा थोडा काढावा लागला. गॅस जास्त झाला तरी प्रेशर वाढतं आणि मशीन ट्रिप होतं, हे लक्षात ठेवा.

तर तपासायचं काय. मेन एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) बंद करा, नुसतं रिमोटने नाही. मागची आणि बाजूची कॉइल टॉर्च लावून बघा. उभ्या पत्र्यांच्या दिशेने, म्हणजे वरून खाली, मऊ ब्रशने झाडा, आडवा ब्रश फिरवला की पत्र्या वाकतात आणि हवेचा रस्ता कायमचा बंद. मग नळीने हलक्या धारेने पाणी. गाड्या धुवायचा जोराचा पंप नको. वायरिंगच्या बाजूला पाणी मारायचं नाही. आतून बाहेर असं पूर्ण धुणं कव्हर काढून करावं लागतं, ते मेकॅनिकचं काम, वर्षातून एकदा मार्चमध्ये करून घ्या, मे महिन्यात आम्हाला श्वास घ्यायला वेळ नसतो आणि घाईत काम नीट होत नाही.

दुसरं, फेकलेली गरम हवा परत आत ओढली जाते का ते बघा. चोरी होऊ नये म्हणून लोखंडी पिंजरा करतात आणि त्यावर पत्रा ठोकतात, किंवा दोन मजल्यांचे आउटडोअर समोरासमोर, किंवा अरुंद डक्टमध्ये. मशीन चालू असताना मागच्या बाजूला, जिथून हवा आत जाते तिथे हात धरा. बाहेरच्या हवेपेक्षा तिथली हवा स्पष्ट गरम लागत असेल तर मशीन स्वतःचाच उच्छ्वास परत घेतंय. मागे किमान वीतभर आणि समोर दोन-तीन फूट मोकळं पाहिजे.

सावली करा, पण वरून, हिरवं शेडनेट तीन-चार फूट उंचावर बांधा, अंगाला लपेटू नका. आणि ओलं गोणपाट टाकायची पद्धत आपल्याकडे फार आहे, कूलरच्या गवताचा हिशोब इथे लावतात. गोणपाट हवा अडवतं. शिवाय बोअरचं पाणी जड, ते रोज शिंपडलं की पत्र्यांवर पांढरा क्षार बसतो, दोन उन्हाळ्यांत कॉइल दगडासारखी, तो क्षार मग ब्रशने निघत नाही.

आउटडोअर दुसऱ्या मजल्यावर बाहेर ब्रॅकेटवर लटकत असेल तर हे सगळं विसरा, खिडकीतून वाकून काही करू नका. माणूस बोलवा.

लाईट

दुपारी आणि संध्याकाळी व्होल्टेज किती असतं ते एकदा लिहून ठेवा. स्टॅबिलायझरवर इनपुट दिसतं, नसेल तर प्लगमध्ये लावायचं छोटं व्होल्टमीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात स्वस्तात मिळतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये केळीचे पंप, गावभरचे कूलर, एसी सगळं एकाच वेळी ओढतं, खेड्यात तर १८०च्या खाली गेलेलं मी स्वतः मोजलंय. व्होल्टेज पडलं की जुना कॉम्प्रेसर उठायला जास्त करंट मागतो, तापतो, आतला ओव्हरलोड (जास्त तापल्यावर तोडणारा स्विच) त्याला बंद करतो. म्हणजे तो टक् आवाज बिघाडाचा नाही, तो कॉम्प्रेसरला वाचवणारा आहे.

यात एक फरक ओळखायचा असतो आणि तो कुणी बघत नाही. एसी बंद असताना प्लगवर समजा २२०, आणि कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर १९५. आता त्याच वेळी मीटरजवळच्या दुसऱ्या प्लगवर बघा. तिथेही १९५ असेल तर लाईन बाहेरूनच कमजोर, त्यासाठी कमी व्होल्टेजपर्यंत चालणारा स्टॅबिलायझर आणि लेखी तक्रार. पण तिथे २१५ आहे आणि एसीच्या प्लगवरच १९५, तर तो फरक तुमच्या घरातल्या वायरमध्ये जळतोय. दीड टनाला मीटरपासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पाहिजे, जुन्या घरांत पंख्याच्या लाईनवरून ओढलेली दीड-अडीचची असते. अर्धा तास एसी चालवून बंद करा, एमसीबी पाडा आणि मग प्लग टॉपला हात लावा. कोमट ठीक. चटका बसला, पिवळा-काळा डाग दिसला, जळका वास आला तर इथेच थांबा, परत चालू करू नका, आधी वायरमन. हे मी एसी गार होण्यासाठी नाही सांगत, घराला आग लागू नये म्हणून सांगतोय.

थर्मामीटरची चाचणी, इथे कळतं दोष कुणाचा

साधं डिजिटल थर्मामीटर घ्या. एसी २० मिनिटं कूलवर, फॅन हाय. इनडोअरच्या वरून जी हवा आत जाते तिचं तापमान आणि खालच्या झडपेतून येणाऱ्या हवेचं, दोन्ही लिहा, दुपारी ३ वाजता घ्या कारण त्रास तेव्हाच आहे.

फरक १० च्या आसपास असेल, ८ ते १२, तर मशीन आपलं काम करतंय. तरी खोली गार होत नसेल तर खोलीत उष्णता जास्त येतेय आणि गॅस, पीसीबी (इलेक्ट्रॉनिक बोर्ड), कॉम्प्रेसर कशालाही पैसे घालू नका. फरक ४-५ च असेल आणि जाळी, आउटडोअर, व्होल्टेज सगळं वर सांगितल्याप्रमाणे नीट असेल, तर मशीनच्या आत काहीतरी आहे.

पहिल्या प्रकारात मी लोकांना रात्री ९ वाजता स्टुलावर चढून छताला आतून हात लावायला सांगतो. वरच्या मजल्याच्या आरसीसी स्लॅबला त्या वेळी हात लावला की तवा विझवल्यावर जसा असतो तसा लागतो. दिवसभर प्यालेली उष्णता तो रात्री एकपर्यंत खोलीत सोडतो. आमच्या आजोबांचं धाब्याचं घर होतं, वर लाकडं आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, तिथे दुपारी नुसत्या पंख्यावर झोपायचो. ती घरं आता पाडून स्लॅब टाकले, ठीक आहे, पण मग स्लॅबला काहीतरी अंगावर घालायला द्या. चुना किंवा पांढरा उष्णता परतवणारा रंग, नाहीतर पांढऱ्या फुटलेल्या टाइल्स. सगळ्यात स्वस्त म्हणजे चुना, मार्चमध्ये मारायचा, पावसात जातो, परत मारायचा. यावलला एका ताईंनी नवा दोन टन घ्यायचं ठरवलं होतं, मी म्हटलं आधी गच्चीला चुना मारा आणि आठ दिवस थांबा. त्यांचा जुना दीड टनच पुरला, अजून चालतोय.

इथून पुढे तुम्ही थांबायचं

आउटडोअरचं झाकण उघडू नका. आत कपॅसिटर (कॉम्प्रेसर उठवायला जोर देणारा भाग) असतो, लाईट बंद केल्यावरही त्यात करंट साठून राहतो आणि जोराचा झटका देतो. इन्व्हर्टर मशीनच्या, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या मशीनच्या, पीसीबीवर तर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो. नवीन गॅस आर-३२ पेट घेऊ शकतो, आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच, त्यामुळे गॅसची नळी सैल करून बघणं, घरी व्हिडिओ बघून कॅन भरणं, अजिबात नाही. घूं घूं करून कॉम्प्रेसर उठत नसेल तर परत परत चालू करून बघू नका, वाइंडिंग जाईल.

पण मेकॅनिक काय करतोय ते बघायचा तुम्हाला हक्क आहे. घूं घूं असेल तर त्याने आधी कपॅसिटर मीटरवर मोजला पाहिजे. वर लिहिलेल्या मायक्रोफॅरॅडपेक्षा तो बराच उतरला असेल तर बदलायचा, काही शे रुपयांचं काम आहे. आपल्या उन्हात हाच भाग आधी मरतो, आणि याच फॉल्टवर "कॉम्प्रेसर गेला" म्हणून लोकांना हजारोंचं बिल लागलेलं मी बघितलंय.

गॅसचं एकच लक्षात ठेवा, गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला म्हणजे गळती आहे, आणि गळती न शोधता भरला म्हणजे पुढच्या वर्षीचं बिल आजच फाडलं. अमळनेरला एका निवृत्त सरांकडे तीन उन्हाळे सलग गॅस भरला गेला होता. मी नळी जोडणाऱ्या फ्लेअर नटवरची टेप सोडली तर आत तेलकट काळा चिकट डाग, गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते, तोच पुरावा. साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा यायला पूर्ण मिनिट लागलं, इतकी बारीक गळती. नळीचं तोंड कापून नवीन फ्लेअर मारलं, नायट्रोजन भरून प्रेशर धरून ठेवलं, मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा-ओल काढली आणि वजनकाट्यावर मोजून गॅस भरला. याच क्रमाने झालं पाहिजे. जो पंप आणि काटा न आणता नुसता सिलिंडर घेऊन येतो त्याला परत पाठवा.

मग बदलायचा कधी

कॉम्प्रेसर खरंच गेला. कॉइलला जागोजागी भोकं पडली, एक बुजवलं की दुसरं. किंवा मशीन आर-२२ वर आहे आणि गळतंय, कारण हा गॅस ओझोनच्या थराला मारक म्हणून भारतात टप्प्याटप्प्याने बंद होतोय, २०३० हे त्याचं साल, त्याच्यावर आता खर्च करण्यात अर्थ नाही. दहा-बारा वर्षांचा फिक्स्ड स्पीड दीड टन पूर्ण चालताना १७००-१८०० वॅट ओढतो, रोज आठ-दहा तास वापर असेल तर नवीन ५ स्टार इन्व्हर्टर बिलात नक्की जाणवतो, दिवसाचे दोन तासच लावत असाल तर घाई करू नका.

हॉट अँड कोल्ड म्हणजे काय तर हीट पंप. मशीन तेच, फक्त आत एक फोर-वे व्हॉल्व्ह असतो जो गॅसची दिशा उलटी करतो, मग बाहेरच्या थंड हवेतली उष्णता उचलून खोलीत सोडतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे १० च्या खाली जातं, घरात म्हातारी माणसं, गुडघेदुखी, दमा, तर ही गोष्ट चैनीची नाही. कॉइलचा हीटर एका युनिटमध्ये एका युनिटचीच उष्णता देतो, हीट पंप आपल्या हिवाळ्यात साधारण तीनपट देतो, कारण तो उष्णता तयार करत नाही, वाहून आणतो. आणि आपली थंडी त्याला सोपी आहे, बर्फाच्या प्रदेशातल्यासारखी नाही. फक्त थंडीसाठी म्हणून मात्र चालू असलेला चांगला एसी फेकू नका, आपली थंडी दीड-दोन महिन्यांची.

घेताना दुकानात स्टार विचारता, ठीक, पण स्टार थंडाव्याचा असतो आणि तो २४ ते ४३ अंश धरून काढलेला, आपला मे त्याच्याही वर जातो. म्हणून माहितीपत्रकात बाहेरचं कमाल तापमान किती लिहिलंय ते बघा, ५० किंवा जास्त असेल तर घ्या, आणि हीटिंगची क्षमता वेगळी लिहिलेली असते तीही वाचा. बसवताना जुन्या तांब्याच्या नळ्या वापरू देऊ नका. आर-३२ चं प्रेशर आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतं आणि जुन्या नळीत जुनं तेल असतं. वायर, प्लग, एमसीबी, आउटडोअरची जागा, सगळं वरचं आधी करून घ्या. गेल्या जूनमध्ये एका घरी कोरं मशीन, तीन आठवड्यांत प्लग वितळला, कारण वायर तीच जुनी पंख्याची.

हिवाळ्यात पहिल्यांदा हीट लावलं की तीन फोन हमखास येतात, त्यांचं उत्तर इथेच देतो. चालू केल्यावर दोन-चार मिनिटं आतला फॅन फिरत नाही, तो कॉइल गरम व्हायची वाट बघतो म्हणजे अंगावर गार वारा येणार नाही. आउटडोअरमधून पाणी टपकतं, ते बरोबर आहे, हिवाळ्यात कॉइल बाहेरची थंड असते म्हणून पाणी तिकडे. आणि फार थंडीत पहाटे कधी मशीन मध्येच थांबून आउटडोअरमधून वाफ येते, तो धूर नाही, कॉइलवरचं दव-बर्फ वितळवतंय, दहा मिनिटांत परत सुरू होतं. मात्र हीट लावूनही गार वारा येत राहिला आणि अर्ध्या तासात बदल नाही, तर व्हॉल्व्ह अडकलाय, मशीन बंद करून मेकॅनिकला बोलवा.

नवीन मशीन बसलं की त्याच दिवशी थर्मामीटरचे दोन आकडे, व्होल्टेज आणि अँपिअर मेकॅनिककडून लिहून घ्या आणि कागद स्टॅबिलायझरच्या मागे चिकटवा. पुढच्या मे मध्ये दुपारी ३ वाजता तेच आकडे परत घ्या आणि मग मला फोन करा, पहिल्या मिनिटात सांगतो काय आहे ते.